'तुम्ही अमुकच ना?' असं विचारूच नका
दवाखान्यात पेशंटची अदलाबदल होते, त्यावरच्या तुमच्या लेखात सगळं खापर गर्दीवर फोडलंय, ते अर्धंच पटलं. आईच्या तपासणीच्या दिवशी नुसतं आडनाव पुकारलं. तिला कमी ऐकू येतं. त्याच आडनावाच्या दुसऱ्या बाई आत गेल्या आणि आईचे रिपोर्ट स्वतःचे समजून रडत बाहेर आल्या! आत विचारलं काय, तर 'तुम्ही अमुकच ना?' घाबरलेला पेशंट मान डोलावणारच. त्याऐवजी 'पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा' म्हणायला कितीसा वेळ लागतो? किमान दोन गोष्टींवरून ओळख पटवा, खोली क्रमांक त्यात धरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सुचवलंय. आणि हो, अपॉइंटमेंट पुढे ढकलली तर एक मेसेज तरी टाका. आम्ही तीन तास ताटकळलो, ते वेगळंच.