हायपो, हिराकस आणि हळद

रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने छंद जरूर जोपासावेत, पण एका वेळी एकच जोपासावा, असे माझ्या पत्नीचे मत आहे. आणि तो न्हाणीघरात जोपासू नये, हा त्या मताचा उत्तरार्ध आहे.

माझे सध्या चार छंद चालू आहेत. चालू आहेत, म्हणजे चारही अर्धवट आहेत. आठवडाभर बी.एस्सी.च्या मुलांपुढे मोलॅरिटी आणि अभिक्रियांचे वेग उगाळून झाल्यावर रविवारी तरी रसायनशास्त्राचे तोंड पाहू नये, एवढ्याच हेतूने मी ते धरले. परंतु मी बाहेर पडायच्या आत रसायनशास्त्र चपला घालून दारात उभे असते.

छायाचित्रणाचेच घ्या. माझ्याकडे जुना फिल्मचा कॅमेरा आहे आणि त्याची कृष्णधवल छायाचित्रे मी घरीच तयार करतो. आमच्या सांगलीच्या घरात पुरता काळोख होऊ शकेल अशी जागा एकच, ती म्हणजे न्हाणीघर. डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) साधारण २० अंशांवर असावा लागतो आणि एप्रिलमध्ये आमच्या नळाचे पाणी आयतेच आंघोळीला योग्य असते. त्यामुळे फ्रीजमधला सगळा बर्फ बादलीत ओतून, त्यात डेव्हलपरचा ट्रे तरंगता ठेवून, मी तांबड्या दिव्याखाली बसतो. गेल्या रविवारी अकराच्या सुमारास कृष्णेवरचा आयर्विन पूल कागदावर कमानीकमानीने उमटू लागला होता, तेवढ्यात वडिलांनी दार ठोठावले.

"अरे, अजून किती वेळ?"

"नाना, कागद हायपोत जाईपर्यंत थांबा!"

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. त्यात बुडवून काढला की मग कागद उजेडाने काळा पडत नाही. चांदीचे क्षार त्यात विरघळतात, हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्येच दाखवून दिले होते. या गृहस्थाला आकाशातील ताऱ्यांपासून वनस्पतींपर्यंत सगळ्याचा नाद होता आणि शिवाय बारा अपत्ये होती. तेव्हा दारावरच्या थापा त्यालाही चुकल्या नसाव्यात. आमच्या दाराची कडी मात्र ऐन वेळी सुटली. नाना दोन्ही डोळे किलकिले करून आत पाहत असताना माझ्या डोळ्यांदेखत पूल, नदी आणि आकाश एकजात काळे झाले. नानांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "रात्रीचा काढलास वाटतं." मी नवा कागद घेतला आणि कडीला दोरी बांधली.

गाण्यात तरी रसायन नसावे, अशी माझी भाबडी समजूत होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी हौसेने तंबोरा आणला. त्याची खर्जाची तार पितळी, म्हणजे तांबे आणि जस्त; ती हवेने काळवंडली. पितळ चिंचेने उजळते, हे आमच्या स्वयंपाकघरातील तांब्यालाही ठाऊक असल्याने मी शिकवणीला जाण्यापूर्वी चिंचेच्या कोळाने ती लखलखीत केली. गुरुजींनी तार छेडली, क्षणभर थांबले, बोट हुंगले आणि विचारले, "प्राध्यापक, आज आमटी काय?"

शाईची कथा याहून करुण आहे. हिरड्यातील टॅनिन आणि हिराकस म्हणजे फेरस सल्फेट यांच्यापासून उत्तम काळी शाई होते. मात्र ताजी शाई फिकट असते. हवेतील ऑक्सिजनने लोह फेरिक अवस्थेत गेले, की ती गडद होते. हे मी वर्गात सांगतो. तरीही झाकून ठेवलेली ताजी शाई मी घाईने पेनात भरली आणि रजेच्या अर्जावर सही केली. कार्यालयातील लिपिकाने अर्ज परत आणला, "सर, सही राहिली आहे." अर्ज टेबलावर तसाच पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी तोच लिपिक मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "सर, सही उमटली, पण रजेची तारीख होऊन गेली."

बेदाण्यांविषयी फार लिहीत नाही. द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती ज्यात बुडवतात, ते पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांचे द्रावण मी काटेकोर मोजून केले. गच्चीवर वाळत घातलेली द्राक्षे चिमण्यांनी न मोजता खाल्ली.

एवढे सगळे करून हाती काय लागते, असे पत्नीने विचारले तेव्हा मी बोरोदिनचा दाखला दिला. तो पीटर्सबर्गमध्ये रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता, अल्डिहाइडांवर त्याचे मोलाचे काम आहे आणि संगीतकार म्हणूनही जग त्याला ओळखते. व्याख्याने देण्याइतकी प्रकृती ठीक नसली की मगच त्याला संगीत लिहायला सवड मिळे, म्हणून त्याचे मित्र तो आजारी पडावा अशीच इच्छा करीत. १८६९ मध्ये हाती घेतलेली संगीतिका १८८७ मध्ये तो वारला तेव्हाही अपुरीच होती आणि ती इतरांनी पुरी केली.

"त्याच्या बायकोला कोणी काही विचारलं होतं का?" एवढेच ती म्हणाली.

त्याच रविवारी संध्याकाळी गुरुजींकडे बैठक होती आणि दुपारी जेवताना माझ्या पांढऱ्या झब्ब्यावर आमटी सांडली. हळदीचा डाग ही माझ्या विषयाच्या हद्दीतील बाब असल्याने मी झब्बा कोणाच्या हाती दिला नाही. कपड्याचा साबण चोळताच डाग कुंकवासारखा लाल झाला, कारण हळदीतले कुरकुमिन अल्कलीत रंग बदलते. लिंबू पिळले, पुन्हा पिवळा झाला. परत साबण, परत लाल. हा प्रयोग इतका देखणा होता की मी तो तीनदा केला. डाग तेवढाच राहिला, लिंबे संपली. पत्नीने काही न बोलता झब्बा माझ्या हातातून काढून घेतला, पिळला आणि गच्चीवर चिमण्यांच्या ताटाशेजारी कडक उन्हात पसरला.

साडेचारला तिने तो माझ्यापुढे धरला. डागाचा मागमूस नव्हता.

"हे कशाने गेलं?"

"उन्हाने. माझी आई असंच करायची."

"बरोबर आहे," मी सरसावून बसलो, "प्रकाशाने कुरकुमिनचा रेणू मुळात..."

"अहो, बैठक सहाला आहे. त्याआधी ती बादली आणि ट्रे बाहेर काढा. नानांची सकाळपासून आंघोळ राहिली आहे."