सुनेच्या माहेराला आणि हायब्रीड गव्हाला उगाच बोल लावू नका

आमच्या पुतणीला सिलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनानं आतडं बिघडतं तो आजार) निघाल्यापासनं घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई म्हणते हे वहिनीच्या माहेरकडनं आलंय, दादा म्हणतो आजकालचा हायब्रीड गहूच वाईट, पूर्वी असलं काय होतं का. मला दोन्ही पटत नाही, म्हणून लिहितोय.

आधी माहेराचं बघू. हा आजार व्हायला एचएलए डीक्यू२ नाहीतर डीक्यू८ नावाचं जीन लागतंय, जवळपास सगळ्या पेशंटमध्ये यातलं काहीतरी सापडतंच. आता त्या डीक्यू२चे दोन भाग असतात, आणि काही पोरांत एक भाग आईकडनं, दुसरा बापाकडनं येऊन जोडी जमते! आईबाप दोघंही ठणठणीत, मग कुणाच्या माहेराला नावं ठेवणार? वहिनीची टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, दादा अजून "बघू की" म्हणतोय.

आणि नुसतं जीन असून आजार होत नाही. २०१६ साली छापून आलेल्या आपल्या देशातल्या एका मोठ्या अभ्यासात तेवीस हजारांवर माणसं तपासली होती. हे जीन उत्तरेत शंभरात ३८ जणांत आणि दक्षिणेतपण जवळपास तितक्याच, ३६ जणांत, पण आजार उत्तरेत हजारी साडेआठ आणि दक्षिणेत हजारी एकसुद्धा नाही. फरक ताटात होता, उत्तरेत माणशी दिवसाला ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५.

आता आपण बेळगाव, चिकोडी, अथणीकडची माणसं बसलोय बरोबर मधी. आज्जाच्या वेळेला रोज शाळूची भाकरी, गहू म्हणजे सणाला पोळी, खपलीची खीर, लग्नात मांडे. आता पोरांच्या डब्यात चपाती, सकाळी टोस्ट, संध्याकाळी बेकरीची खारी. जीन तेच आहे हो, खाणं बदललंय, त्यामुळं आपल्याकडं हे वाढणार असं मला तरी वाटतंय.

पण म्हणून हायब्रीडला शिव्या देऊ नका. लंडनच्या सॅम्युअल गीनं हा आजार १८८८ सालीच लिहून ठेवलाय. पुढं डिके नावाच्या डच डॉक्टरनं बघितलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रेड मिळेना तेव्हा पोरं सुधारली आणि ब्रेड आल्यावर परत बिघडली. आणि दादा ज्याला हायब्रीड म्हणतो तो बुटका गहू आपल्या शेतात आला १९६०नंतर! खपलीतपण ग्लुटेन असतंयच, तरी "ग्लुटेन फ्री खपली" म्हणून खुशाल विकतात, याचा मला लई राग येतो.

नुसत्या गव्हावरपण सगळं ढकलता येत नाही म्हणा. फिनलंड आणि शेजारचा रशियातला करेलिया, जीन जवळपास सारखं, गहूपण दोन्हीकडं भरपूर, तरी फिनलंडच्या पोरांत आजार शंभरात एकाला आणि तिकडं पाचशेत एकाला. लहानपणीची इन्फेक्शन्स, पोटातले जंतू यांचा हात असावा असा शास्त्रज्ञांचा संशय आहे.

आमच्या या पुतणीला जुलाब असे कधी नव्हतेच, नुसतं रक्त कमी आणि उंची थांबलेली, आयर्नच्या गोळ्या गिळून गिळून कंटाळली होती. असं असलं तर टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट करून घ्या, पण टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. सख्ख्या भावंडांची पण करा, त्यांच्यात दहात एकाला निघू शकतो.

आजार निघाला की गव्हाचा कणसुद्धा चालत नाही, म्हणून हिंगाची डबी उलटी करून वाचा, बहुतेकांत मैदा नाहीतर गव्हाचं पीठ असतंय. गिरणीत गव्हाच्या मागनं जोंधळा दळला की संपलं, म्हणून आम्ही घरघंटी घेतली, ती फक्त जोंधळा-नाचणीला, चपातीचं पीठ अजून गिरणीतनंच येतंय.