काका, नुसतं गवत होतं हो इथे

काल सकाळी पठारावर पोचलो तर समोर खड्डे. चुन्याने ओळी आखून मारलेले, दीड बाय दीड. प्रत्येक खड्ड्यात खालून टेम्पोने आणलेली लाल माती, मातीत गुलमोहराची काडी, आणि काडीच्या दसपट मोठा फ्लेक्स. भाऊंच्या वाढदिवसानिमित्त एक हजार एक वृक्ष! भाऊ हात जोडून हसतायत, त्यांच्याभोवती पंधरा गोल फोटो हसतायत.

अरे, वीतभर मातीखाली कातळ आहे. कातळ लागला तर माणूस थांबतो की नाही? नाही. यांनी ब्रेकर आणला. झाड लावायला ब्रेकर!

आणि नेमकं कुठे? माझ्या खर्चुडीवर. सेरोपेजिया हो, कंदीलपुष्प. कुठली जात ते सांगत नाही, जात सांगितली की पठार कळतं. नऊ वर्षं दर श्रावणात तिला बघायला जातोय. वीतभर उंची, गवतात गवतासारखीच उभी, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही. त्या कंदिलात चिलटाएवढी माशी शिरते, आतल्या केसांमुळे अडकते, केस सुकले की सुटते आणि परागकण घेऊन पुढच्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. काल ढिगाऱ्यात तिचा कंद मिळाला. अर्धा. बटाट्याच्या फोडीसारखा पांढरा.

तिथल्या पोराला दाखवला. तो म्हणाला, "काका, नुसतं गवत होतं हो इथे." काका! माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पोट माझ्याहून मोठं. वर म्हणतो, "आम्ही झाडं लावतोय, तुम्ही विरोध करताय?"

हेच. झाडाला विरोध करणारा माणूस म्हणजे राक्षसच. दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी, २०१९ साली तेहतीस कोटी, सरकारी वृक्षलागवडीचे आकडे फुगत गेले आणि जिथे झाड नाही ती जागा 'मोकळी' ठरत गेली. उन्हाळ्यात सगळी खर्चुडी जमिनीखाली कंदात झोपलेली असते. तेव्हा कागदवाला येतो, बघतो, 'पडीक' लिहून जातो. मग त्या पडीकावर गिरिपुष्पाची झाडं, नाहीतर पवनचक्की, नाहीतर 'व्हॅली व्ह्यू' प्लॉट. शिवनेरीची शिंदळ माकुडी, खर्चुडीचीच बहीण, कड्याला लटकून राहते म्हणून वाचली. तिथे फ्लेक्स बांधायला बांबू रोवता येत नाही.

कासचं तर बोलूच नका. २०१२ ला जागतिक वारसा झालं आणि अख्खा महाराष्ट्र फुलांवर लोळायला आला. जाळी लावली, जाळी काढली, लोळणं चालूच. आणि 'फुलांचा गालिचा' लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस त्याच्या घरच्या गालिच्यात गुंडाळून ठेवावं.

आणि तो प्रश्न! "पण याचा उपयोग काय?" नरक्या नावाच्या झाडाचा निघाला ना उपयोग. १९६६ साली आपल्या नंदुरबारच्या मनसुख वाणींनी अमेरिकेत वॉल या रसायनशास्त्रज्ञासोबत एका चिनी झाडातून कॅन्सरवर चालणारं द्रव्य वेगळं काढलं. तेच आपल्या नरक्यात सापडलं आणि आंबा घाटाच्या रानातून नरक्या मुळासकट ट्रकांत भरून गेला. उपयोग नसेल तर ब्रेकर, असेल तर कुऱ्हाड. आता कंदही ऑनलाइन मिळतात, 'रेअर प्लांट', फ्री डिलिव्हरी.

हे सगळं मी त्या पोराला तारस्वरात ऐकवत होतो. तो शांतपणे मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होता.

खरं सांगायचं तर या पठाराचा पहिला फोटो, लोकेशनसकट, २०१६ साली टाकला तो मीच. चारशे लाइक. पुढच्या पावसाळ्यात तिथे भज्यांची गाडी. आणि हो, एक कंद मीही घरी आणला होता, 'संवर्धनासाठी'. आइस्क्रीमच्या डब्यात लावला, प्रेमाने रोज पाणी घातलं, तीन आठवड्यांत कुजला. बायको अजून पाहुण्यांना तो डबा दाखवते.

निघताना दोन खड्ड्यांच्या मधे खर्चुडीची दोन रोपं उभी दिसली. भोवती दगडांचं कडं केलं. मग लक्षात आलं, ही तर पुढच्या खड्ड्याची आखणी दिसतेय. सगळे दगड उचलून पुन्हा पसरले.

मागून हाक आली, "काका, दोन गुलमोहर उरलेत, नेताय का?"