शंभर टक्के शुद्ध, फक्त ८९९ रुपयांत

इसेन्शियल ऑइल, म्हणजे पानं, फुलं, सालींतून काढलेलं वासाचं तेल, घ्यायचंय? मग मला विचारा. मी नुकतीच त्या विषयात पदवी घेऊन आलेय, फी ८९९ रुपये, शिवाय पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवर पार्किंगचे ५०. झालं काय, दोन महिने बाबांना रात्रीची झोप नाही, कुणीतरी म्हणालं लॅव्हेंडरचं तेल उशीला लावा, म्हणून मी शनिवारी संध्याकाळी एका प्रदर्शनात गेले आणि १५ मिलीची बाटली घेऊन आले. बाबांना झोप लागली नाहीच, आता माझीही उडालीये. म्हटलं निदान आपला अनुभव चार लोकांच्या कामी येऊ दे.

तर पहिलं म्हणजे तेल प्रदर्शनातच घ्यायचं. रविवार पेठेत पिढ्यान्‌पिढ्या अत्तरं विकणारे बसलेत, तिकडे चुकूनही फिरकायचं नाही, कारण ते उलट आपल्यालाच विचारतात, कशाला हवंय, अंगाला लावणार की खोलीत वास पसरवणाऱ्या डिफ्युझरमध्ये घालणार, आणि एवढी चौकशी कुणाला हवीये. प्रदर्शनात कसं मोकळं असतं. एका बाजूला कांदाभजी, दुसऱ्या बाजूला अगरबत्ती, समोर लोणच्याचा स्टॉल, आणि या सगळ्याच्या मधोमध आपण बाटल्या हुंगायच्या. एक नाही, चौदा. चौथ्या बाटलीला नाक संपावर जातं, तेव्हा स्टॉलवरच्या ताई कॉफीच्या बियांची वाटी पुढे सरकवतात, याने नाक फ्रेश होतं म्हणे. बाहेर जाऊन दोन मिनिटं हवा खाल्ली तरी तेवढंच होतं, पण बाहेर गेलेलं गिऱ्हाईक परत येईलच असं नाही ना.

लेबल वाचू नका. पुढे जांभळ्या फुलांचं चित्र आहे, बास झालं. मागे बघायचं म्हणजे काय काय बघणार, रोपाचं लॅटिन नाव, कुठल्या देशातलं, पान की फूल की साल, वाफेवर काढलंय की दाबून, बॅच नंबर काय, त्याला चष्मा लागतो आणि चष्मा पर्सच्या तळाशी असतो. शिवाय वाचायची सवय लागली तर एक दिवस कळतं की लॅव्हेंडर या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक खरं, लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया. दुसरं लॅव्हॅन्डिन, म्हणजे संकरित, त्याला तेल जास्त सुटतं म्हणून स्वस्त पडतं, आणि त्यात कापूरही जास्त असतो, त्यामुळे उशीवर डोकं ठेवलं की आरती सुरू होईल असं वाटतं. वाईट आहे असं नाही हो, साबणात चालतंच की ते, पण ज्याचे पैसे घेता ते द्या. मी विचारलं, हे कुठलं लॅव्हेंडर? "इम्पोर्टेड." कुठून? "बाहेरून." तिकडे जम्मूत भदरवाहला शेतकरी मका सोडून लॅव्हेंडर लावायला लागले, पण आपलं बाहेरून.

'थेरप्यूटिक ग्रेड' असं सोनेरी अक्षरात असेल तर डोळे झाकून उचला. असा ग्रेड देणारं सरकारी खातं कुठेही नाही, कंपन्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली ती पदवी आहे, 'घरगुती चवीचे' असतं ना पाकिटावर, तसंच.

आंब्याचं किंवा स्ट्रॉबेरीचं इसेन्शियल ऑइल दिसलं तर दोन घ्या, निसर्गात ते निघतच नाही, त्यामुळे फार दुर्मिळ आहे.

आता किंमत. स्टॉलवर चोवीस तेलं होती आणि सगळी ८९९ ला, कुठलंही उचला, दोनवर एक फ्री. असा एकच भाव दिसला की लगेच समजायचं, भली माणसं आहेत, नफ्यातोट्याच्या पलीकडे गेलेली. कारण बघा, संत्र्याचं तेल ज्यूसच्या कारखान्यात उरलेल्या सालींतून दाबून काढतात, ते स्वस्त असणारच. गुलाबाच्या एक किलो तेलाला पाकळ्याच तीन-चार टन लागतात, त्याही पहाटे ऊन चढायच्या आत तोडायच्या. आणि चंदन? झाडाचा गाभा तयार व्हायलाच १५-२० वर्षं जातात. म्हैसूरला चंदन तेलाचा सरकारी कारखाना १९१६ पासून आहे, खऱ्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या बराच वर असतो, म्हणजे १० मिलीतलं नुसतं तेलच हजाराच्या वर जातं, बाटली, बूच, खोकं, स्टॉलचं भाडं, कॉफीच्या बिया हे सगळं वेगळं. आणि इथे १५ मिली चंदन ८९९! माझ्या शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी तीन घेतली, एक फ्री मिळालं म्हणून खूश होऊन परत माझ्याकडे बघून हसल्या. मी पण हसले. तेव्हा मीही खूशच होते.

पारदर्शक बाटली घ्या. उन्हात ठेवलेली असेल तर उत्तम. गडद काचेच्या बाटलीत तेल टिकतं, पण आत किती आहे ते दिसत नाही.

आणि काळ्या रबराचा ड्रॉपर हवाच, तो फार शास्त्रीय दिसतो. इसेन्शियल ऑइलच्या वाफेने रबर विरघळतं म्हणून नीट कंपन्या बाटलीच्या तोंडातच थेंब पाडणारं छोटं बूच बसवतात, पण त्यात मजा नाही. माझ्या ड्रॉपरचं रबर आठ दिवसांत फुगून चघळलेल्या च्युइंगगमसारखं झालंय, दाबलं की बोटाला चिकटून येतं.

घरी आल्यावर तेल कागदावर टाकून वगैरे बघू नका. आमच्याकडे बाबांनी बघितलं. बाबा पिंपरीला एका कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण डोकं अजून तिथेच कामावर जातं. त्यांनी पेपरच्या पुरवणीवर पेन्सिलने १, २, ३ असे गोल काढले, वेळ लिहिली, आणि एकेक थेंब टाकला, पहिला मेडिकलमधून आणलेल्या निलगिरीचा, दुसरा खोबरेल, तिसरा माझं ८९९. संध्याकाळपर्यंत निलगिरी उडून गेली, कागद कोरडा. खोबरेलाचा डाग तसाच, भजी ठेवल्यासारखा. आणि तिसरा डाग म्हणजे दुसऱ्याचा सख्खा भाऊ, फक्त सेंट मारलेला. बाबांनी कागद ट्यूबलाइटसमोर धरला तर माझ्या डागातून मागच्या पानावरची वधूवरची जाहिरात लख्ख दिसत होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली, "निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट." मग म्हणाले, "तुझ्या तेलापेक्षा हा गृहस्थ प्युअर दिसतोय."

(पण ही परीक्षा सगळ्या तेलांना लावू नका, आता खरंच सांगतेय. चंदन, वाळा ही जड तेलं, ती खरी असली तरी कागदावर दिवसेंदिवस बसून राहतात. आणि सिंथेटिक सेंट स्वच्छ उडून जाऊ शकतो, मागे काही न ठेवता. कागदाने फक्त गोडं तेल मिसळलंय का एवढं कळतं.)

पाण्यात टाकून बघायची टिप तर सगळ्या ग्रुपवर फिरत असते, तरंगलं की शुद्ध. खोबरेल पण तरंगतं! आणि लवंगेचं खरं तेल पाण्यात टाकलं की सरळ तळाला जातं, मग काय ते भेसळीचं? फ्रीजमध्ये गोठलं की नकली, हेही त्यातलंच. गुलाबाचं अस्सल तेल थंडीत गोठतंच.

यापुढची टिप माझी सगळ्यात आवडती. शंका आली तर रिपोर्ट मागा. मी फोन केला. पहिल्यांदा ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या बॉडीला सूट झालं नसेल." म्हटलं बॉडीला नाही, कागदाला सूट झालं नाहीये. मग म्हणाल्या आमच्याकडे लॅब रिपोर्ट आहे, जीसी-एमएस, व्हॉट्सअ‍ॅप करते. म्हटलं वा, हेच तर हवं, त्या मशीनमधून तेलातला एकेक घटक वेगळा होऊन टक्केवारीसकट कागदावर येतो, आणि पीक दरवर्षी वेगळं असतं म्हणून रिपोर्ट प्रत्येक बॅचचा वेगळा लागतो. तीन दिवस, पाच मेसेज, दोन निळ्या टिकांनंतर एक पीडीएफ आली, आडवी स्कॅन केलेली. मोबाइल फिरवून, मान फिरवून वाचली. बॅच नंबरची जागा मोकळी. तारीख २०१९. आणि लॅव्हेंडरमध्ये वरच्या दोन नंबरला लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट पाहिजेत, तिथे पहिल्या ओळीत सिट्रॅल. सिट्रॅल कशात असतं माहितीये? गवती चहात! मी बाबांच्या झोपेसाठी पैसे मोजले आणि मला चहाचा रिपोर्ट आला. परत फोन केला, म्हटलं अहो हे लेमनग्रासचं आहे, तर ती बाई शांतपणे म्हणते, "मॅडम, तो रिपोर्ट सगळ्या तेलांना कॉमन आहे."

कॉमन! म्हणजे उद्या मी लॅबमध्ये बाबांची शुगर तपासायला दिली आणि त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकांचा ईसीजी हातात ठेवला, की सोसायटीत कॉमन आहे म्हणून घ्यायचा का? चोवीस तेलं, एक रिपोर्ट, तोही पाच-सहा वर्षांपूर्वीचा, आणि ज्या गावात पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे, जिथे दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये एक केमिस्ट्रीवाला सापडतो, त्या गावात हे असं छातीठोकपणे सांगायचं? बिल बघितलं तर त्यावर नुसतं 'हर्बल प्रॉडक्ट', ना पत्ता ना जीएसटी नंबर, खाली मात्र ठळक, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ही एक ओळ बरी नीट छापता येते. रोपाचं नाव छापायला तुमची शाई संपते आणि इथे बरी पुरते!

एक्सपायरी बघू नका हे राहिलंच सांगायचं. जाऊ दे, आता टिपा देण्याचा मूड गेला.

कारण खरी चीड मला ८९९ ची नाहीच. त्या ताईंनी माझ्या समोर एका मुलीला सांगितलं, बाळाला सर्दी झाली की निलगिरीचे दोन थेंब डायरेक्ट नाकाशी लावा, आणि ॲसिडिटीला पेपरमिंटचे थेंब पाण्यातून घ्या, नॅचरल आहे, काही होत नाही. काही होत नाही? चमचाभर निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर फिट येऊ शकते. कापराच्या तेलाचं तसंच. ही तेलं काही न मिसळता तशीच अंगाला चोपडायची नसतात, ३० मिली खोबरेलात दहा-बारा थेंब एवढंच मोठ्या माणसाला पुष्कळ होतं, आणि लिंबाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते. त्या मुलीच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ होतं. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही, बाटली पॅक करून घेत होते.

म्हणजे दोष फक्त विकणाऱ्यांचा नाहीये, आपलाही आहे. कोथिंबिरीच्या जुडीला दहा की पंधरा यावरून भाजीवाल्या मावशींशी दहा मिनिटं वाद घालतो, भेंडीचं शेपूट मोडून बघतो, कलिंगडावर टिचक्या मारतो, आणि ८९९ ची बाटली मात्र चित्र बघून पिशवीत टाकतो. हे कुठलं रोप आणि कुठली बॅच, एवढे दोन प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटते, समोरची बाई छान बोलत होती ना! आणि घरी आल्यावर तेच तेल ग्रुपवर "मस्त आहे, नक्की घ्या" म्हणून टाकतो, न वापरता. बंद करा हे.

आत्ता उठा आणि कपाटातली बाटली आणा. मागे फिरवा. रोपाचं नाव आहे? बॅच नंबर? नाही ना? मग ती बाळाच्या मालिशच्या तेलाशेजारून तरी आधी उचला, आणि वरच्या फळीवर ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही अशी.