इंजिन बोंबलतंय, बोट हलत नाही!

पैठणच्या नाथसागरावर जुनी आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन) चालवणाऱ्याच्या नशिबी हे नेहमीचंच. थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं बोंबलतं, बोट जागची हलत नाही. आणि मेकॅनिक कुठलाही आणा, तो पाना घेऊन आधी कार्बोरेटरलाच भिडणार! अरे बाबा, आवाज चढतोय म्हणजे इंजिनात दम आहे. ती ताकद पाण्यातल्या पंख्यापर्यंत पोचत नाहीये, तिकडं बघ ना!

पंख्याच्या पोटात रबरी बुश असतो, तोच पंख्याला शाफ्टशी, म्हणजे फिरवणाऱ्या दांड्याशी, घट्ट धरतो. जुना झाला की तो सुटतो आणि शाफ्ट आतल्या आत फिरत राहतो. तपासायला खर्चही नाही. आतल्या नळीपासून पंख्याच्या बाहेरच्या हबपर्यंत (पाती जिथं जोडलेली असतात तो गाभा) ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, भार देऊन बोट चालवा. रेघ तुटून सरकली की बुश गेला, संपला विषय. लहान इंजिनात पंखा शाफ्टला अडकवणारी पिन तुटली तरी हेच होतं. पण ऐकतंय कोण? कार्बोरेटर धुतला, पैसे घेतले, निघाले.

त्याहून डोकं फिरतं ते गिअर ऑइलवरून, म्हणजे पंख्यामागच्या गिअरपेटीतल्या तेलावरून. पाण्यात टाकून दिलेल्या जाळ्यांची तंगूस शाफ्टला गुंडाळते, पाणी अडवणारं सील कापते, पाणी आत शिरतं आणि तेल दुधासारखं पांढरं होतं. हे लोक तेल तेवढं बदलतात, सील तसंच! गुंडाळलेली तंगूस बघायला पंखा काढायचा, त्याला असा किती वेळ लागतो? एक नट, एक कॉटर पिन. काढा की तो!