आत्याचं करपलेलं पातेलं आणि ट्रायची खुर्ची

सकाळी शेजारच्या वहिनींच्या फोनवरून आत्याचा फोन. पहिलाच प्रश्न, "ट्राय म्हणजे काय गं? तिथं मोठा साहेब कोण असतो?" (ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, फोन कंपन्यांना नियम घालून देणारी सरकारी संस्था.)

आत्या बहात्तरची. झेडपीच्या शाळेत उभी हयात गेली. काल दुपारी तिला फोन आला, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज: ट्रायकडून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी नऊ दाबा. तिनं दाबलं. मग व्हिडिओवर खाकीतला माणूस. कडी लावा, कुणाशी बोलायचं नाही. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, आटलं, पातेलं करपलं, तरी ही बाई खुर्चीतून हलली नाही. वास गेला म्हणून वहिनींनी दार बडवलं. तोवर पासबुक पिशवीत जाऊन पडलं होतं.

पैसे वाचले. भामट्यांना शिव्याही घालून झाल्या. आता उरलेला राग.

ट्राय कुणाचा नंबर बंद करतच नाही. आणि एकट्यादुकट्याची तक्रारही घेत नाही, कंपनीकडे जा म्हणतं. म्हणजे ज्यांच्या नावानं आत्या थिजून बसली, त्यांच्या दारात तिनं जायचं म्हटलं तर दारच नाही!

मग तिथला साहेब करतो काय? आत्याला काय सांगणार, मी गप्प बसले. आता इथं सांगते.

१९९७ ला ट्राय झालं. पहिले अध्यक्ष न्या. सोधी, हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. त्यांचे सरकारच्याच दूरसंचार खात्याशी खटके उडायला लागले. जानेवारी २००० मध्ये अध्यादेश निघाला आणि अख्खं प्राधिकरण बरखास्त. तंटे सोडवायचं काम काढून टीडीसॅट या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे दिलं.

पुढे अध्यक्ष नृपेंद्र मिश्रा, २००६ ते २००९. कायदा तेव्हा म्हणत होता, या खुर्चीतून उठलेल्यानं पुन्हा सरकारी नोकरी धरायची नाही. किती शहाणा नियम! उद्याच्या नोकरीवर डोळा ठेवून आज निकाल देऊ नये, एवढंच. २०१४ मध्ये त्यांना पंतप्रधानांचे प्रधान सचिव करायचं ठरलं, आणि मे संपायच्या आत अध्यादेश. एका माणसासाठी. माणूस हुशार असेल, माझं त्यांच्याशी वैर नाही. पण एका अध्यक्षाला घरी धाडायला कायदा बदलला, दुसऱ्याला वर चढवायला बदलला. मधल्या सगळ्यांनी यातून काय धडा घेतला असेल, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

बरं, शर्मांचं मान्य करते. अध्यक्ष आर. एस. शर्मा, आधी आधार कार्डाचं काम बघितलेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांच्या ट्रायनं फ्री बेसिक्सला, म्हणजे ठरावीक साइट्सच फुकट दाखवायच्या योजनेला, चाप लावला. ज्या फेसबुकवर बसून मी हे बडबडतेय, त्याच फेसबुकच्या योजनेला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण ट्राय सुटल्यावर तेही काही महिन्यांत सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात.

जानेवारी २०२४ मध्ये अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली अनिलकुमार लाहोटींची. रेल्वे बोर्डाचे माजी अध्यक्ष, त्याआधी मध्य रेल्वेचे जीएम, म्हणजे आपल्या सीएसएमटीतच बसायचे. आयुष्य रुळांवर गेलं आणि शेवटचं स्टेशन टेलिकॉम. चिडून लिहितेय, कळतंय मला. डिसेंबर २०२४ मध्ये नेटचा पॅक न लादता फक्त बोलणं नि एसएमएस असा रिचार्ज द्यायलाच हवा, असं कंपन्यांना सांगितलं ते त्यांच्याच काळात, आणि आत्याला तोच लागतो. घ्या, हेही लिहिलं.

पण आत्याला ट्राय हा शब्द बहात्तराव्या वर्षी कळला, तो कुणाकडून? भामट्यांकडून! पंचवीसहून जास्त वर्षांत एकाही साहेबाला वाटलं नाही की गावातल्या बाईला आपण कोण ते कळावं?

ती मला परत परत एकच सांगत होती, "पोरांना जन्मभर शिकवलं गं मी, मग अशी कशी फसले?" मला पुढे बोलवेना. पातेलं टाकून दे म्हटलं. नाही म्हणाली, दोन दिवस राखेनं घासून बघते.

वहिनींचा फोन का, ते शेवटी विचारलं. म्हणाली, माझा कालपासून बंद करून ठेवलाय.