‘विषय-जीआरई देऊ नका’ : एका मेसेजला उत्तर

अमेरिकेत भौतिकशास्त्रात किंवा गणितात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये अर्ज भरण्याच्या दिवसांत एक मेसेज हमखास फिरतो. त्यातली विधाने अशी : विषय-जीआरई (अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतली जाणारी एकेका विषयाची परीक्षा) बंद पडत चालली आहे; विद्यापीठातल्या विभागाने ती ‘ऐच्छिक’ ठेवली असेल तर देऊ नये; तिच्या गुणांचा पीएच.डी.शी काहीही संबंध नसल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे. आणि ती निव्वळ पाठांतराची परीक्षा आहे. या मेसेजवर विसंबून लहान महाविद्यालयांतले चांगले विद्यार्थी आपल्या अर्जाची एक भक्कम बाजू स्वतःहून सोडून देतात, हे मी शिक्षक म्हणून पाहत आलो आहे, आणि त्यामुळे हे उत्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

परीक्षा बंद पडत असल्याचे विधान अर्धे खरे आहे. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने संगणकशास्त्राची परीक्षा 2013 मध्ये, जैवरसायनशास्त्राची 2016 मध्ये, जीवशास्त्र व इंग्रजी साहित्याची 2021 मध्ये आणि रसायनशास्त्राची 2023 मध्ये थांबवली. त्यामुळे या विषयांच्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्नच उरलेला नाही. भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्र या तीन परीक्षा मात्र चालू आहेत, आणि सप्टेंबर 2023 पासून त्या कागदावरून संगणकावर आल्या आहेत. पूर्वी भौतिकशास्त्राचे 100 प्रश्न 170 मिनिटांत सोडवावे लागत. आता सुमारे 70 प्रश्नांसाठी दोन तास मिळतात. गुंडाळायच्या परीक्षेची अशी नव्याने बांधणी कोणी करत नाही.

‘ऐच्छिक’ या शब्दाचा अर्थ मेसेजमध्ये सरसकट ‘नको’ असा लावला आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान याच गल्लतीतून होते. विभागांच्या प्रवेश-सूचनांमध्ये साधारणपणे तीन प्रकार आढळतात : गुण आवश्यक, गुण ऐच्छिक आणि गुण स्वीकारले जाणार नाहीत. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने 2016 मध्ये विभागांना जीआरईची अट काढावी किंवा ती ऐच्छिक करावी असे सुचवले होते, त्यामुळे खगोलशास्त्राकडे जाणाऱ्याने तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे. तुमच्या यादीतले सगळेच विभाग गुण स्वीकारत नसतील तर परीक्षेच्या शुल्काचे 150 डॉलर अजिबात खर्चू नयेत. ती रक्कम आपल्याकडच्या बहुतेक घरांना जड आहे, याबद्दल माझा मेसेज लिहिणाऱ्याशी काहीच वाद नाही.

पण विभाग गुण पाहण्यास तयार असेल, तर ते कोणाच्या कामी येतात याचा विचार करावा. आपल्या विद्यापीठांत 60 टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो, तर अमेरिकेतल्या बहुतेक महाविद्यालयांत साठीतले गुण म्हणजे ‘डी’ श्रेणी. एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या संलग्न महाविद्यालयाचे नाव ज्यांनी कधी ऐकलेले नाही, अशा प्रवेश समितीसमोर 64 टक्क्यांची गुणपत्रिका जाते, तेव्हा ती हुशारीची की ढिलाईची हे ठरवायला त्यांच्याकडे दुसरी खूण नसते. शिफारसपत्र देणारे प्राध्यापकही त्यांना अपरिचित असतात. अशा अर्जात 200 ते 990 या मापावरचा एक चांगला आकडा बरेच काही सांगून जातो. नामांकित संस्थेतल्या विद्यार्थ्याला त्याची एवढी गरज नसते, आणि ‘आम्ही न देताही प्रवेश मिळाला’ हा त्याचा अनुभव खरा असला तरी तो सर्वांना लागू पडत नाही.

संशोधनाचा दाखला हा मेसेजमधला सर्वांत वजनदार भाग आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्रात प्रवेशाचे रूढ निकष पीएच.डी. पूर्ण होण्याचा अंदाज नीट देत नाहीत आणि त्या निकषांमुळे अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांची वाट मात्र अडते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातला दुसरा भाग मला पटतो. ठरावीक गुणांखालचे अर्ज न वाचताच बाजूला सारणे चूक आहे, आणि केवळ जीआरईच्या गुणांवर कटऑफ लावू नये असे स्वतः ईटीएसही सांगते. पहिल्या भागावर मात्र त्याच नियतकालिकात 2020 मध्ये सांख्यिकीय पद्धतीबद्दल गंभीर आक्षेप छापून आला, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. मुख्य अडचण समजायला सोपी आहे. अकरावीला 95 टक्क्यांच्या वरच्यांनाच घेणाऱ्या महाविद्यालयात जाऊन दहावीचे गुण आणि बारावीचा निकाल यांचा मेळ घातला, तर संबंध अगदी फिका दिसेल, कारण कमी गुणांची मुले तिथे आलेलीच नसतात. शिवाय जीआरईचे गुण कमी असूनही ज्यांना प्रवेश मिळतो, त्यांची संशोधनाची किंवा शिफारसपत्रांची बाजू सहसा जोरदार असते, आणि ते पुढे यशस्वी झाले की परीक्षेचे गुण निरर्थक भासतात. प्रवेश मिळालेल्यांपुरती ही आकडेवारी आहे. ‘काहीही संबंध नाही’ एवढे मोठे विधान तिच्यातून निघत नाही.

राहिला पाठांतराचा आरोप. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत प्रयोगशाळेतील पद्धतींवरही प्रश्न असतात, आणि त्यांची धाटणी पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना स्वतः रचलेला एक प्रश्न देतो : किरणोत्सर्गी नमुन्यातून येणारे कण मोजणाऱ्या यंत्रात सेकंदाला सरासरी 4 नोंदी होतात, तर नोंदींच्या दरातली अनिश्चितता 1 टक्क्यावर आणण्यासाठी किती वेळ मोजावे लागेल? एकूण नोंदींचे वर्गमूळ ही अनिश्चितता असते, म्हणून 1 टक्क्यासाठी 10,000 नोंदी हव्यात, आणि त्यांना 2,500 सेकंद, म्हणजे जवळजवळ 42 मिनिटे लागतात. हे वर्गमूळाचे सूत्र आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये लिहिलेले असते, तरीही पहिल्यांदा विचारल्यावर निम्मा वर्ग गप्प बसतो, कारण विद्यापीठाच्या परीक्षेत त्यांना ते सिद्ध करायला सांगितले जाते, वापरायला कधीच नाही.